हलव्याचं मंगळसूत्र

"आई, इकडे बघ ना. हलव्याकडे नको, माझ्याकडे."

"हातांचा काढ फोटो. दागिने दिसले म्हणजे झालं. मला कशाला मध्ये घेतेस?"

"मतलब चेहरा नसेल तर लोकांना भरवसा कसा येणार? ब्लॉगवर सगळे स्वतःचा फोटो टाकतात."

चारुलताबाईंनी मान वळवली ती वळवलीच. मंद शेगडीवरच्या परातीत तीळ होते. त्यांवर चमच्याने थोडाथोडा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. बोटं चांगली भाजतात, पण त्याशिवाय हलव्याला काटा येत नाही. जयपूरची कोरडी थंडी या कामाला फार मानवते. नाशकात असताना त्यांच्या हलव्याला इतका टोकदार काटा कधी आला नव्हता. अनुयाने शेवटी हातांचाच फोटो घेतला.

संक्रांत बारा दिवसांवर आली होती. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालायचे, ही हौस मराठी माणूस कुठेही गेला तरी सोडत नाही. त्या हौसेवर चारुलताबाईंचा खातीपुऱ्यातल्या दोन खोल्यांतला हा उद्योग चालायचा. पण गिऱ्हाईकं सगळी बदलीची. बँकेतले, विमा कंपनीतले लोक. ओळख जरा घट्ट होते न होते तोच साहेबांची बदली भोपाळला नाहीतर कोलकात्याला. दर वर्षी नव्याने ओळखी काढायच्या. यंदा तर एकच मागणी आली होती, सी-स्कीम वस्तीतल्या डॉक्टरांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाईंची, त्यांच्या सुनेसाठी, वैष्णवीसाठी. म्हणून अनुयाने ब्लॉगचं काढलं. ती जगतपुऱ्यात एका कंपनीत नोकरीला होती. मराठी बोलायची अडखळत, लिहायची हिंदीत, पण आईवर जीव टाकायची.

तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की फोनवर तिचे वडील अजून होते.

उमाकांतराव करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला एका अनोळखी बाईंनी विचारलं, घरपोच मिळेल का? चारुलताबाई बोलून गेल्या, "हे ऑफिसातून आले की विचारून कळवते." तेवीस वर्षं तोंडात बसलेलं वाक्य ते, आपसूक आलं. फोन ठेवल्यावर चूक ध्यानात आली, पण परत फोन करून खरं सांगायला जीभ रेटेना. आणि मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या करणाऱ्या बाईच्या कपाळाकडे लोक आधी बघतात, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्याही नव्हत्या. जुनी गिऱ्हाईकं बदलून गेली, नव्यांना काही माहीत नव्हतं. मग ते वाक्य राहिलंच. "हे आणून देतील" म्हणायचं आणि डबा ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर पाठवायचा. खोटं म्हणाल तर खोटंच. पण असा फोन झाला की त्या दिवशी साडेपाचला त्यांचं लक्ष दाराकडे जायचं, आणि घर जरा बरं वाटायचं.

गुरुवारी सकाळी ऑफिसला निघता निघता अनुयाने ब्लॉग सुरू केला आणि जयपूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पाठवूनही दिला. हातांच्या फोटोखाली तिने मनापासून लिहिलं होतं, "पापा के जाने के बाद भी आई के हाथ नहीं रुके."

अकरा वाजता विजयालक्ष्मीबाईंचा फोन आला.

"ब्लॉग बघितला हो. काय सुंदर लिहिलंय लेकीने. डोळ्यांत पाणी आलं." मग त्यांनी आवाज जरा उतरवला. "परवा तुम्ही म्हणाला होतात, हे आणून देतील."

परातीतला पाक करपत होता.

"हो. म्हणाले होते."

"मी काही मानत नाही हो असलं. आमची वैष्णवी तर मुळीच नाही. पण नणंद येतेय पुण्याहून, आणि सुनेचा पहिलाच सण. उगाच कुणी काही बोलायला नको. दागिने राहू द्या यंदा. तिळगूळ मात्र तुमच्याकडूनच, हं?"

"पाठवते."

म्हणजे तिळगुळाला हे हात चालत होते. चारुलताबाईंना संताप आला. पण तो विजयालक्ष्मीबाईंवर काढावा तर कोणत्या तोंडाने? याच घरातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करताना त्यांनी स्वतः एकदा मनीषाचं नाव गाळलं होतं. चांगली मैत्रीण होती. तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिने कधी एका शब्दाने विचारलं नाही, आणि पुन्हा कधी ती आलीही नाही.

संध्याकाळी अनुया उड्या मारतच घरी आली. "आई, एकशे चाळीस लोकांनी वाचलं. सगळे तुझी तारीफ करतायत."

चारुलताबाईंनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना लेकीकडे बघवेना, म्हणून परातीला चिकटलेला करपलेला पाक नखाने खरवडत राहिल्या.

"मतलब पापा फोनवर होते? इतके दिवस?"

"होते."

अनुयाचे डोळे भरून आले. "मला पण सांगायचं होतंस ना. मी पण बोलली असती त्यांच्याबद्दल तसं." मग तिने फोन उचलला. "मी ते वाक्य काढून टाकते. आत्ताच."

"राहू दे. वाचणाऱ्यांनी वाचलं. आणि खरं तेच लिहिलंयस तू. मलाच मेलीला इतकी वर्षं बोलता आलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन वाजला नाही. चारुलताबाई वैष्णवीसाठी करायला घेतलेलं मंगळसूत्र पुढ्यात घेऊन बसल्या. पांढरा हलवा, मधून मधून काळे मणी. दोन वाट्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. अर्धं काम टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं.

पाचनंतर फोन वाजला. जगतपुऱ्यातून कुणी गिरिजा नावाची बाई. आवाज तरुण, घाईतला. "तुमच्या ब्लॉगवर फोटो बघितले, फार आवडले. जावेसाठी पूर्ण सेट हवाय. कुणी आणून देईल का इकडे?"

वाक्य जिभेवर आलंच होतं. समोरच्या बाईने फोटोखालचं काही वाचलेलं नव्हतं. एकदा, शेवटचं एकदा म्हणता आलं असतं.

"हे नाहीत," चारुलताबाई म्हणाल्या. "दुसऱ्या लाटेत गेले. मी एकटीच करते सगळं. रिक्षाने पाठवीन."

पलीकडच्या आवाजातली घाई ओसरली.

"अगंबाई. बरं, बरं. मग असं करते, हे ऑफिसातून आले की विचारून कळवते हं."

"कळवा," त्या म्हणाल्या.

त्या वाक्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता; हा फोन परत यायचा नव्हता. फोन पालथा ठेवून त्यांनी सुई उचलली. गच्चीवर पोरांनी कुणाचा तरी पतंग कापला आणि 'वो काटा' म्हणून ओरडा झाला. त्यांनी दोन्ही वाट्या ओवल्या, गाठ मारली, उरलेला दोरा दातांनी तोडला आणि मंगळसूत्र कागदात गुंडाळून डब्यात ठेवलं. साडेपाच वाजले होते. त्या दाराकडे पाठ करून बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या.