पेटीतला डबा

मुलांनो, अशी कल्पना करा की लातूरला तुमच्या नावावर एक प्लॉट आहे. पण तुम्ही अठरा वर्षांचे होईपर्यंत तो कोर्टाने नेमलेले काका सांभाळणार, आणि विकायचा किंवा भाड्याने द्यायचा तर त्यांनाही कोर्टाला विचारावं लागणार. मालक तुम्ही, आणि खिशात चिंचोकासुद्धा नाही!

हदगावच्या लुंबिनीचं असंच होतं. आईवडील गेल्यावर ती नागुआत्याकडे राहायची. आत्या मजुरीला जायची. अनाथ मुलांना सरकारकडून दरमहा मदत मिळते. ती मिळाली नाही, तर लुंबिनीला घर सोडून दूर वसतिगृहात जावं लागणार होतं.

एका दुपारी सरकारी कचेरीतले व्यंकटराव कारकून मदतीच्या अर्जाच्या चौकशीला आले.

"मावशी, माझा डबा सावलीत ठेवा. शेंगाची पोळी हाय आज."

"लुंबे, पेटीत ठेव गं," आत्या म्हणाली. "मांजर लई चोरटं हाय."

लुंबिनीने डबा पेटीत ठेवून कुलूप लावलं.

व्यंकटरावांनी कागद चाळले. "पोरगी निराधार कशी? लातूरला प्लॉट हाय हिचा! मदत बसत न्हाई."

"साहेब, त्याला हात लावता येत न्हाई आमाला."

"नावावर हाय ना? मग झालं. आणा माझा डबा, भूक लागली."

लुंबिनी पेटीवर जाऊन बसली.

"तुमाला भूक कशी लागंल, साहेब? एवढा डबा हाय तुमच्या नावावर. झाकणावर नाव कोरलंय की!"

"अगं, पण तो पेटीत हाय. किल्ली दे."

"काकांना इचारावं लागंल. काका लातूरला. ते कोर्टाला इचारतील."

"तवर मी काय खाऊ?"

"त्येच तर आत्या कवापासून इचारून राहिली."

आत्याने तोंडाला पदर लावला. व्यंकटरावांनी आधी डोळे वटारले, मग त्यांचं पोट हसून हसून गदगदलं. त्यांनी पेन काढलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "प्लॉट कोर्टाने नेमलेल्या पालकाच्या ताब्यात. मुलीला त्यातून काही मिळत नाही. मदत द्यावी." मग ते म्हणाले, "आता तरी उघड, माझे आई!"

लुंबिनीने पेटी उघडली. भाकरी दिली, भाजी दिली. शेंगाची पोळी मात्र डब्यातच ठेवली, पुन्हा कुलूप लावलं, आणि पेन साहेबांपुढे सरकवलं.

"खाली सही राहिली, साहेब."