गाडीतली ओल

ग्लिनने गाडीच्या सरकत्या दारावर कागदी साचा चिकटवला, टोच्याने खूण केली आणि ड्रिल लावलं. पत्र्याचे चकचकीत कुरळे खाली अंथरलेल्या जुन्या चादरीवर पडू लागले. नेव्हिल चहाचा मग घेऊन शेजारीच उभा होता. आपल्या गाडीला दुसरा कुणी भोक पाडत असताना माणसाला काहीतरी व्हायला हवं, गेला बाजार दात तरी शिवशिवायला हवेत. नेव्हिलला काहीच होत नव्हतं. चोरी झाल्यापासून त्याला कशाचंच काही होत नव्हतं. जेवण समोर आलं की तो जेवत होता, काम आलं की करत होता आणि कुणी हसलं की मागोमाग हसत होता.

ग्लिनचा धंदा एवढाच होता. इंग्लंडातल्या बार्न्सलीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या सुतारांच्या, प्लंबरांच्या, वायरमनांच्या गाड्यांना तो जादाची कुलपं बसवून देई. त्याच्याकडे फोन येई तो बहुतेक चोरी होऊन गेल्यावरच. आधी बोलावणारा माणूस आपण जन्मात पाहिला नाही, असं तो सांगायचा. चोरांच्या जिवावर आपलं घर चालतं, तेव्हा दर नाताळाला त्यांना एकेक कार्ड पाठवायला हवं, असंही सांगायचा. नेव्हिलला तो क्लबातल्या स्नूकरच्या टेबलापासून ओळखत होता, त्यामुळे त्याच्या जिभेला आज मोकळं रान होतं.

"बैल गेला आणि झोपा केला," ड्रिल थांबवून तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस, नेव्ह. सगळेच करतात."

नेव्हिलने वाईट वाटून घेतलं नाही.

नेव्हिल सुतार होता. जिने ही त्याची खासियत. गाडीतून गेलं ते तीस-एक वर्षांत जमवलेलं सामान होतं: करवती, खाचा पाडायचं राऊटर, रंधे, पटाशा, सगळं. पोलीसबाई आल्या, दाराभोवती फिरल्या, आणि कुठे ओरखडासुद्धा नाही म्हणाल्या. त्यावर नेव्हिलनेच सुचवलं होतं की हल्ली चोरांकडे यंत्रं असतात, बटण दाबलं की गाडी उघडते. पोलीसबाईंनी ते मान्य केलं. गल्लीने मान्य केलं. आज सकाळी ग्लिननेही मान्य केलं, वर अशा यंत्रांच्या चार गोष्टी ऐकवल्या.

नेव्हिलला मात्र पहिल्या सकाळपासून माहीत होतं. त्या सरकत्या दाराची खालची चाकी झिजलेली होती. दार लावताना ते गुडघ्याने जरा वर उचलावं लागे, नाहीतर बोटभर फट राहायचीच. ग्लिनने सकाळी आल्या आल्या ते तीनदा आदळलं होतं, तरी लागलं नव्हतं. चोरी उघडकीला आली त्या सकाळी नेव्हिल कामाला निघाला तेव्हा दार चौकटीत अगदी घट्ट बसलेलं होतं. एक तर, सामान पळवणारा माणूस जाताना दार लावून जात नाही. आणि गुडघ्याची ती युक्ती जगात आणखी एकालाच ठाऊक होती.

कर्टिस सोळाव्या वर्षापासून बापाबरोबर कामावर यायचा. पोराचा हात चांगला होता, पण गाडीचं दार लावायचं नाव नाही. दिवसातून दहा वेळा नेव्हिल मागून ओरडायचा, "दार!" ते ओरडणं इतकं अंगात मुरलं की बापाचं सामान चोरतानाही पोराने दार लावलं. चोरीच्या बऱ्याच आधी कर्टिसला नशेच्या गोळ्यांची सवय लागली होती. मग सकाळी उठणं गेलं, मग कामातलं लक्ष गेलं, आणि गेल्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या घरात, गिऱ्हाइकाच्या देखत, बापलेकांची नको तितकी बोलाचाली झाली. त्या दिवशी पोरगा गेला तो गेलाच. कुठल्याशा मित्राच्या सोफ्यावर झोपतो असं नेव्हिलची बायको मॉरीन सांगायची. गाडीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच राहिली होती, आणि ती परत मागायची नेव्हिलची छाती झाली नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? पोलिसांना नाही सांगितलं, बायकोलाही नाही. पण ग्लिनला फोन केला. नवी कुलपं बसली की जुन्या किल्लीचा काही उपयोग राहणार नव्हता. किल्ली परत मागण्याची ही नेव्हिलची रीत होती, आणि त्यात तोंडाने काही बोलावं लागत नव्हतं.

मॉरीनचा कुलपांना विरोध होता. कशाला उगाच, एवढंच ती म्हणायची. चोरीनंतर नेव्हिलने एकेक करून दुसऱ्यांची वापरलेली हत्यारं विकत घेतली होती, आणि तेव्हापासून तो रोज संध्याकाळी गाडी पूर्ण रिकामी करी. सगळ्या पेट्या घरात, पॅसेजमध्ये. गाडीच्या मागे स्टिकर लावलेला: या गाडीत रात्री हत्यारं नसतात. साठीच्या माणसाच्या कमरेला हे झेपण्यासारखं नव्हतं. कुलपं बसली की पेट्या रात्री गाडीतच ठेवता आल्या असत्या. मॉरीनला स्वयंपाकघरात जायला अंग चोरून जावं लागे, आणि तरीही ती म्हणायची की पॅसेजची तिला काही अडचण नाही. नेव्हिलला वाटलं, बाई आता कशालाही नाहीच म्हणते.

ग्लिनने भोक कानशीने घासून गुळगुळीत केलं, कडेला गंज चढू नये म्हणून रंगाचं बोट फिरवलं आणि कुलूप बसवून पाहिलं. ते चौकटीत नीट बसलं. तोवर नेव्हिलने त्याला ओलीचं विचारून घेतलं. गाडी आतून ओली होत होती. रोज सकाळी दार उघडावं तर छताच्या पत्र्याला थेंब लटकलेले, आणि पुढची काच आतून धुरकटलेली. नेव्हिलने दारांचं रबर नवं घातलं. छताचे सांधे सिलिकॉनने भरले. एका रविवारी मॉरीनला आत बसवून तो बाहेरून पाइपने पाणी मारत राहिला. टिपूसही आत आलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी थेंब पुन्हा हजर.

ग्लिन आत चढला, रबरावरून बोट फिरवलं, वर पाहिलं.

"बाहेरून नाही येत हे," तो म्हणाला. "आतच धरतेय. ओलं लाकूड ठेवतोस का?"

नेव्हिलने सांगितलं की रात्री गाडीत काहीही नसतं. धूळ बसू नये म्हणून सामानावर टाकायच्या जाड चादरी तेवढ्या असतात, त्यासुद्धा घडी घालून. ग्लिनने खांदे उडवले. फेब्रुवारी आहे, म्हणाला. नेव्हिललाही ते पटलं. फेब्रुवारीवर काय वाटेल ते ढकलता येतं.

मॉरीन दुसऱ्यांदा चहा आणि बेकनचे सँडविच घेऊन बाहेर आली. ती एरवी कामाच्या माणसाला ताटली देऊन आत निघून जायची. आज गेली नाही. अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता, हाताची घडी घालून ती दाराजवळ उभी राहिली. हे कुलूप कसं चालतं, असं तिने ग्लिनला विचारलं. विचारणारं कुणी भेटलं याचाच ग्लिनला आनंद झाला. त्याने दार लावून दाखवलं, किल्ली फिरवली, मग दार पुन्हा अर्धवट उघडलं. आतली लोखंडी जीभ थेट चौकटीत घुसते, तो सांगत होता. आता पहार घातली तरी पत्रा फाटेल, कुलूप सुटणार नाही.

"आणि आतून?" मॉरीनने विचारलं.

"आतून काय?"

"आतून उघडतं का?"

"आतून कुठूनच नाही. किल्ली फिरली की संपलं."

"म्हणजे कुणी आत असेल, आणि बाहेरच्याने न बघता लावून घेतलं, तर?"

ग्लिन हसला. चोर आत अडकला तर बरंच की, म्हणाला. सकाळी त्याला चहा द्यायचा आणि पोलिसांना फोन करायचा. मॉरीन हसली नाही. ती नेव्हिलकडेही पाहत नव्हती. तिची नजर दाराच्या फटीतून आत, त्या घडी घातलेल्या चादरींवर होती.

नेव्हिलनेही तिकडे पाहिलं. चादरींच्या चार पदरी घड्या होत्या, कडेला कड लावलेल्या, मॉरीन घरात पलंगपोसांना घालते तशा. त्याने स्वतः त्या कधीच अशा घातल्या नव्हत्या. तो नुसत्या गुंडाळून टाकायचा. वर पत्र्याला सकाळचे थोडे थेंब अजून लटकत होते. रबर, सिलिकॉन, पाण्याचा पाइप. एवढा जाणता माणूस, आणि पाणी कुठून शिरतं ते महिनाभर शोधत बसला होता. ते पाणी नव्हतं. बंद गाडीत रात्रभर कुणीतरी श्वास घेत होतं.

आधी त्याने राग शोधला. ज्या गाडीतून बापाचं पोट चोरून नेलं, त्याच गाडीत येऊन निजतो. राग यायला एवढं पुरे होतं. पण राग आला नाही. आलं ते दुसरंच. तो रोज अंथरुणाला पाठ लावण्याआधी चपला अडकवून खाली यायचा आणि गाडीची दारं ओढून पाहायचा. आज रात्रीही आला असता. नवी किल्ली फिरवली असती, कुलूप चांगलं बसलंय म्हणून समाधानाने वर गेला असता. बाहेर दगडासारखी थंडी. आत पोरगा. त्याने दारावर हात मारले असते तरी वरच्या खोलीत काही ऐकू आलं नसतं, किंवा ऐकू आलं असतं आणि नेव्हिलला वाटलं असतं, चोरच असेल.

महिन्याभरात पहिल्यांदाच नेव्हिलला काही झालं. त्याला फार वाईट वाटलं, आणि मग कळलं की हातातला चहा केव्हाच थंड झालाय आणि बोटं बधिर झाली आहेत.

"आतून उघडणारं असतं का?" त्याने ग्लिनला विचारलं.

असतं, ग्लिन म्हणाला. आतल्या बाजूला मूठ येते, ओढली की जीभ मागे सरते. कुत्र्यांना गाडीतच आंघोळ घालणाऱ्या बायका घेतात तसलं, त्यांना दार लावून आत काम करायचं असतं. भोक हेच चालेल.

"पण तुला कशाला ते? मॉरीनने घराबाहेर काढलं की काय?"

"कर्टिस झोपतो आत," नेव्हिल म्हणाला.

ग्लिनने सँडविचचा घास तोंडातच ठेवला. मग तो गिळला, पँटला हात पुसले आणि दुसरं कुलूप आणायला फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे गेला. त्याला ते शोधायला बराच वेळ लागला. इतका वेळ लागण्याचं खरं तर काही कारण नव्हतं.

मॉरीनने पुढे होऊन नेव्हिलच्या हातातला मग घेतला आणि गार चहा गवतात ओतला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"तुला पण होतं. पोलीसबाईला म्हणालास ना तू, दार नीट लागलेलं होतं म्हणून. मी जिन्यात उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

मॉरीन हळू आवाजात सांगू लागली. कर्टिसला मित्राने नाताळच्या आधीच बाहेर काढलं होतं. घरात ये म्हटलं तर येत नाही, तुझ्या तोंडासमोर यायची लाज वाटते. रात्री आपण जेवायला बसलो की येतो आणि तू उठायच्या आत जातो. ती सकाळी जाऊन चादरी आवरते. हत्यारं कुठे विकली ते ती विचारत नाही. गोळ्या सुटल्या का तेही विचारत नाही. विचारलं की तो यायचा बंद होईल, अशी तिला भीती वाटते.

ग्लिन दुसरं कुलूप घेऊन परत आला. मघाचं त्याने मुकाट्याने काढलं, नवं लावलं. मग त्याने स्क्रू आवळता आवळता, वर न बघता सांगितलं की आतून आता उघडेल, पण बाहेरून आत जायला नवीच किल्ली लागेल, जुनीने काम होणार नाही.

"किल्ल्या तीन येतात ना?"

"तीन."

"झालं तर मग," नेव्हिल म्हणाला.

"आणि तुझ्या पेट्या?" मॉरीनने विचारलं.

"पॅसेजमध्येच राहू देत."

तिने मान हलवली आणि रिकामे मग एकात एक घातले, पण आत गेली नाही. मूठ नेमकी कुठे बसवायची हे पाहायला ग्लिन गाडीत शिरला. काळोखात, पडल्या पडल्या हात पोचायला हवा, असं काहीतरी तो पुटपुटत होता. शेवटी बूट बाहेर ठेवून तो चादरींवर उताणा पडला, दार ओढून घेतलं, आणि दोन्ही हात आळीपाळीने उंचावून पाहू लागला. फटीतून त्याचे नुसते मोजे दिसत होते.

"उजवा की डावखुरा?" त्याने आतून विचारलं.

"डावखुरा," दोघं एकदमच म्हणाले.