तिसरा अ‍ॅम्प्लिफायर

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता फोरमनच्या घरी तिसरा अ‍ॅम्प्लिफायर आला. जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या व्हॉल्व्हवाल्याने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून जिन्याने वर आणला. बेल दाबायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने पायानेच दार ढकललं.

आधीचे दोन अ‍ॅम्प्लिफायर बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर मांडलेले होते. त्यामुळे घरातली दोन माणसं गेला आठवडाभर स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवत होती.

"कुठे ठेवू, काका? लवकर सांगा, हात तुटतोय."

"खुर्चीवर ठेव."

"खुर्ची बसेल हो. ट्रान्सफॉर्मरचं वजन आहे याच्यात."

"मग तू खुर्चीवर बस आणि त्याला मांडीवर घे."

स्वयंपाकघराच्या दारात बाई उभ्या होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या. व्हॉल्व्हवाल्याला ते ऐकू आलं आणि तो हसला. फोरमनला ऐकू आलं नाही. त्यांनी टेबलाची एक कड रिकामी केली.

फोरमन हा त्यांचा हुद्दा. वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्यांची सगळी नोकरी रोटरी मशीनवर झाली. निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, हुद्दा तेवढा चिकटून राहिला. बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. तिला सगळी गल्ली बाई म्हणे आणि घरात फोरमनही तेच म्हणत.

छापखान्याचं काम रात्रीचं आणि शाळा सकाळची. ते घरी येऊन पोचत, तेव्हा बाई शाळेत पोचलेल्या असत. दोघांच्या वेळा जुळेनात, तेव्हा बाईंनी घरातल्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर निरोप ठेवायला सुरुवात केली. फोरमन येत, अ‍ॅम्प्लिफायर सुरू करत, व्हॉल्व्ह तापून लालसर होईपर्यंत तोंड धूत आणि मग निरोप ऐकत. कोपऱ्यातले दोन लाकडी स्पीकर जवळजवळ कपाटाएवढे होते. बंद पडलेल्या एका थिएटरच्या मॅनेजरच्या घरून ते आलेले. बाईंचा आवाज त्यांतून निघे तेव्हा बाई खोलीत नाहीत हे फोरमनच्या ध्यानातही येत नसे. ते उत्तरंसुद्धा देत.

टेप एकच होती. रोजचा निरोप कालच्या निरोपावर भरला जाई. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या बोलण्यातला शेवटचा तेवढा शिल्लक राहिला. तो असा होता:

"अहो, दूध तापवून ठेवलंय, आधी झाकण घाला, मांजर फिरतंय. आणि शर्ट टाकताना खिशातलं पेन काढा, मागच्या वेळी सगळ्या चादरी निळ्या केल्यात." इथे बाई स्वतःशीच हसतात. "बरं, शाळेला उशीर होतोय. झोपा आता."

बाईंच्या गळ्यातली गाठ काढली त्याला आता दोन वर्षं होत आली. गाठ साधी निघाली. पण आवाजाची एक नस दुखावली गेली. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं आणि दोघांनी माना डोलावल्या होत्या. तेव्हापासून बाई कुजबुजल्यासारखं बोलतात. शेजारीण त्यांच्याशी तासभर गप्पा मारते. भाजीवाल्याशी त्यांचं घासाघीस करून भांडणही होतं. फक्त नवऱ्याला त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. मशीनच्या धडधडाटाने फोरमनच्या कानातला वरच्या पट्टीचा भाग कधीच खाऊन टाकला होता. बाईंच्या जुन्या खणखणीत आवाजामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

फोरमनला हे मान्य नाही.

"माझे कान शाबूत आहेत," ते सांगतात. "आवाज तिचा गेलाय."

"आवाज आहे," बाई म्हणतात. "ऐकणारा गेलाय."

हे त्यांचं वाक्य मुलीला मोठ्याने सांगावं लागतं.

मुलगी औषधांच्या दुकानात काम करते आणि रविवारी येते. तिने वडिलांसाठी कानातलं यंत्र आणलं होतं. ते त्यांनी चार दिवस घातलं आणि नुसती खरखर येते म्हणून डबीत परत ठेवलं. आईसाठी तिने पाटी आणली. "मी काय पहिलीत आहे का?" असं म्हणून बाईंनी ती तांदळाच्या डब्याखाली सारली. बाई टाळी वाजवून नवऱ्याला बोलावू लागल्या. टाळी ऐकू येई. पुढचं खुणांवर चाले.

आणि फोरमन टेप लावत. रोज नाही, पण लावत.

दोन महिन्यांपूर्वी जुना अ‍ॅम्प्लिफायर जळला. धूर पडद्यापर्यंत गेला. व्हॉल्व्हवाल्याने तो उघडून पाहिला, वास घेतला आणि झाकण परत बसवलं.

"याला आता माती द्यायची, काका."

"दुरुस्त कर."

"करण्यासारखं आत काही उरलेलं नाही. दुसरा घ्या. मी एकेक आणून देतो, घरी लावून बघा, आवडेल तो ठेवा. तुमच्या स्पीकरना ताकद कमी लागते, छोटासुद्धा पुरेल."

पहिला छोटाच होता, व्हॉल्व्ह अगदी मोजके. व्हॉल्व्हवाल्याच्या मते त्याच्यात माणसाचा आवाज मधासारखा येतो. फोरमनने टेप लावली, डोळे मिटले आणि मान हलवली.

"'शाळा' म्हणताना तिचा श कसा यायचा, माहितेय? पातं फिरल्यासारखा. तो याच्यात नाही."

दुसरा मोठा होता, स्पीकरचं कापड थरथरवणारा. त्याच्यातही श नव्हता. फोरमनने स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मग मागे सारले, मग एकमेकांकडे तोंड करून ठेवले. वायर बदलल्या. पहिला लावला, दुसरा लावला, परत पहिला लावला. प्रत्येक वेळी टेप पहिल्यापासून.

मधल्या रविवारी मुलगी आली. तिने मोबाईलवर शिट्टीसारखा बारीक आवाज लावला आणि मोबाईल वडिलांच्या कानाशी धरला.

"बाबा, आवाज आला की हात वर करा."

"कर सुरू."

बाईंनी कानांवर हात ठेवले. गॅलरीत बसलेलं कबुतर उडालं.

"करतेस ना सुरू?" फोरमन म्हणाले.

मुलीने मोबाईल खाली घेतला. "बाबा, केव्हाचा वाजतोय."

"मोबाईलचे स्पीकर ते! डोंबलाचं ऐकू येणार त्यांच्यातून?"

मुलगी आईकडे बघत राहिली. बाईंनी खांदे उडवले आणि चहा टाकायला आत गेल्या. जाता जाता जे म्हणाल्या ते फक्त मुलीने ऐकलं: "ती टेपवरची घरची मालकीण. मी पोटभाडेकरू."

शनिवारी तिसरा आला तो व्हॉल्व्हवाल्याचा स्वतःचा होता. दुकानातला माल संपल्यावर त्याने तो स्वतःच्या घरून उचलून आणला होता, बायकोला न विचारता. जोडणी करायला म्हणून तो टेपरेकॉर्डरपाशी वाकला आणि तसाच थांबला. टेप जिथून घासत जाते त्या तुकड्यावर त्याने बोट फिरवलं. बोटाला तपकिरी भुकटी लागली.

"काका, ही टेप किती वेळा लावलीत?"

"ऐकल्याशिवाय निवडणार कशी?"

"अहो, टेप झडतेय. जुन्या टेपा झडतात. ही जी भुकटी दिसतेय ना, आवाज या भुकटीतच असतो. एकेकदा लावली की थोडा थोडा कमी." त्याने बोट पँटला पुसलं आणि मग पुसलं याचंच त्याला वाईट वाटल्यासारखं झालं. "मला सांगायचं तरी! मी आधी नक्कल करून घेतली असती. दुसरी एखादी टेप नव्हती का तपासायला?"

"दुसऱ्या टेपेत ती कुठे आहे?" फोरमन म्हणाले.

व्हॉल्व्हवाल्याने बॅगेतून नक्कल करायचं यंत्र काढलं, टेपरेकॉर्डरचा तो तुकडा कापसाने पुसला आणि टेप आणखी एकदा, सावकाश, नकलेसाठी फिरवली. बाईंचा जुना आवाज दूध, मांजर, पेन असं करत शाळेपर्यंत आला आणि 'झोपा आता' म्हणून थांबला.

"झाली. आता यावरून हवं तेवढं ऐका. मूळ टेप डब्यात ठेवा आणि डबा उघडू नका."

"श गेला," फोरमन म्हणाले.

"थोडा गेलाय. आहे अजून."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. भुकटीत गेला. मी घालवला." त्यांनी टेबलावर पडलेला कापसाचा बोळा उचलला, त्यावरचा डाग पाहिला आणि तो शर्टाच्या खिशात टाकला.

"आहे हो श," दारातून बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मला सर्दी होती, म्हणून तो जरा जास्तच आहे."

व्हॉल्व्हवाल्याने चमकून वर पाहिलं. "सर्दी होती?"

"चांगली तीन रुमालांची. आवाज माझा असा नव्हताच. हे घोगरंच घेऊन बसलेत."

"कोण? काय म्हणतेय ती?" फोरमनने विचारलं.

व्हॉल्व्हवाला बाईंकडे पाहत राहिला. बाईंनी मान आडवी हलवली.

"काही नाही, काका. काकू म्हणतायत, आहे श."

फोरमन दूध आणायला खाली गेले. दूध सकाळीच आलं होतं, पण बाईंनी त्यांना अडवलं नाही.

त्या वेळात जे झालं ते व्हॉल्व्हवाल्याने नंतर मुलीला सांगितलं. टेपरेकॉर्डरच्या मागच्या कप्प्यात त्याला निरोप भरण्याचा मायक्रोफोन सापडला. त्याची वायर लांब होती. बाई शाळेच्या घाईत वेणी घालता घालता बोलत, म्हणून ती मुद्दाम तेवढी घेतली होती. त्याला एक कल्पना सुचली. त्याने मायक्रोफोन तिसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. स्पीकरचा आवाज परत मायक्रोफोनमध्ये शिरून शिट्टी वाजू नये म्हणून बाईंना स्वयंपाकघराच्या दारात, स्पीकरकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाला, "काकू, बोला काहीतरी. तुम्ही एवढे मोठे स्पीकर कशाला ठेवलेत?"

बाईंना बोलायला काही सुचेना. वर्गात उभ्या केलेल्या मुलासारख्या त्या मायक्रोफोनकडे बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "एक, दोन, तीन," आणि ते आकडे खोलीभर पसरले. आवाज नव्हे, श्वास. पण त्यातला शब्द न् शब्द स्वच्छ. बाई आधी दचकल्या, मग हसल्या. हसणंही स्पीकरमधून आलं. त्यांनी जरा धीर करून विचारलं, "अहो, तुम्हाला नक्की कोण ऐकायचीय? ती का मी?"

नेमके तेव्हा फोरमन दारात आले.

रोटरी मशीनवर कागदाची अखंड पट्टी धावत असते. ती तुटली तर आधी एक फसफस येते, फाटण्याची. ती येताच जो जवळ असेल त्याने मशीन बंद करायचं, नाहीतर क्षणात सगळा कागद रुळांवर गुंडाळला जातो. पाहायचं नाही, विचार करायचा नाही. फोरमनने हे किती पोरांना शिकवलं होतं याची गणती नाही. ते पिशवी टाकून टेबलापर्यंत पोचले आणि त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचा खटका खाली ओढला.

खोली एकदम गप्प झाली.

"फाटला असता ना स्पीकर!" ते धापा टाकत म्हणाले. "याच्यात दोष आहे. नुसती हवा मारतोय."

"काका," व्हॉल्व्हवाला म्हणाला, "काकू बोलत होत्या."

फोरमनने वळून पाहिलं. बाई मायक्रोफोन हातात घेऊन उभ्या होत्या. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

फोरमन खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच खटका वर केला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागतं, तिघंही थांबले. काचेतली तार तांबूस झाली. फोरमन पुढे वाकले, एका स्पीकरला कान लावला आणि हाताने खूण केली.

"बोल. परत बोल, काय म्हणत होतीस ते."

बाईंनी तोच प्रश्न परत विचारला. सावकाश, शब्द सुटे करून, पहिलीच्या मुलांना विचारावा तसा.

फोरमनने पूर्ण ऐकून घेतलं. मग मान डोलावली.

"हो," ते म्हणाले. "हो, हो."

व्हॉल्व्हवाला वाकून बॅगेत सामान भरू लागला. त्यात भरण्यासारखं फारसं नव्हतं.

गुरुवारी तो नको असलेले दोन परत न्यायला येणार होता. आला, पण काहीच न नेता गेला. मुलीने फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, त्यांचं अजून ठरलेलं नाही, राहू देत. त्याची बायको घरच्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल रोज विचारते, तिला तो 'उद्या आणतो' असं सांगतो.

मुलगी परवा जाऊन आली. टेबलावर तिन्ही अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि आईवडील अजून ओट्याशीच जेवतात. फोरमन सकाळी उठल्यावर तिसरा तापायला ठेवतात. मूळ टेप डब्यात आहे. नक्कल लावलेली तिने ऐकली नाही. मायक्रोफोनची वायर जोडलेलीच आहे आणि तिचं दुसरं टोक स्वयंपाकघरात गेलं आहे.