बाळाच्या ओठासाठी डॉक्टर निवडल्याची हकीकत

सुज्ञ वाचकहो, आमच्या घरात जन्मलेल्या एका बाळाच्या फाटलेल्या ओठासाठी शल्यवैद्य कसा निवडण्यात आला, ती हकीकत मी पुढील ओळींत जशी घडली तशी निवेदन करणार आहे. कोणाचाही उपहास करण्याचा माझा हेतू नाही. जेथे हसू येईल तेथे अवश्य हसावे, कारण नंतर आम्हीही हसलो आहोत.

साखरशेत येथे माझा धाकटा बंधू तुषार व त्याची पत्नी प्रमिला यांस पुत्ररत्न प्राप्त झाले. बाळ सर्वांगाने सुदृढ होते; केवळ वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. त्यामुळे त्यास दूध ओढता येईना. प्रमिला दूध काढून वाटी-चमच्याने पाजीत असे, आणि कोणी बघावयास आले की बाळास घेऊन आतल्या खोलीत जात असे. पुढे पाड्यावरील आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताई सुनिता यांनी कळविले, की वजन आता पुरेसे भरले आहे व शस्त्रक्रिया विनामूल्य होईल. एक डॉक्टर ठाण्याचे, एक नाशिकचे. कोणाकडे जायचे ते तुम्हीच ठरवा.

आता आमच्याकडे घर बांधण्यासाठी सुतार ठरवायचा तर त्याने आधी उभे केलेले घर बघावयास जातात, खांबाला खांदा लावून तो हलवितात, आणि मगच बोलणी करतात. आमची आई पोशी हिने हाच नियम येथे लागू केला.

"काम बघितल्याबिगर पोराला हात लावू देणार नाय," ती म्हणाली.

"आये, ओठ काय खांब हाय का, हलवून बघायला?" तुषारने विचारले.

"तू गप. तुझी बायको पण मीच बघून आणली. पडली का अजून?"

मग आम्ही सर्वजण बाळासह जीपने प्रथम दाभोसा येथे गेलो. तेथील येसूमामा हे आईचे चुलत बंधू होत. त्यांचाही ओठ जन्मतः फाटलेला होता व लहानपणी ठाण्याच्या डॉक्टरांनी तो जोडला होता. मी आगमनाचे प्रयोजन विस्ताराने विशद करू लागलो, तोच आईने मला बाजूस सारले.

"येसू, मिशी वर कर."

"आक्का, चहा तरी घे आधी."

"चहा पळून जात नाय. उजेडात ये."

येसूमामांची मिशी अत्यंत घनदाट आहे. त्यांनी दोन बोटांनी ती वर उचलून धरली. खाली दोरीसारखा एक जाड वळ होता. आईने त्यावर अंगठा दाबला, बाजूला ओढून पाहिले, व तिच्या मुद्रेवर समाधान पसरले.

"दाबून शिवलंय. हे काय उसवायचं नाय. ठाण्याचाच धरू."

तेव्हा प्रमिलेने हळूच विचारले, "मामा, मिशी कवापासून ठेवली?"

"फुटली तवापासून," मामा म्हणाले. "वस्तरा कधी लावलाच नाय, पोरी." आणि त्यांनी मिशी खाली सोडून ती नीट बसविली. न्यायबुद्धीने सांगावयाचे तर ते काम फार जुने होते. आता त्याच हातून वेगळे काम होत असेल. परंतु प्रमिला त्यानंतर चहाही प्यायली नाही.

तुषार म्हणाला, आलोच आहोत तर दुसरेही पाहू. म्हणून आम्ही मोखाड्याजवळील एका पाड्यावर बायडी नावाच्या बाईंकडे गेलो. त्यांची कन्या प्रतिक्षा तिसरीत शिकते. तिचा ओठ नाशिकच्या डॉक्टरांनी शिवला होता. आईने मुलीची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे फिरविला, मग सावलीकडे फिरविला.

"काम कुठं हाय?"

"हेच काम," बायडी म्हणाल्या.

"हे तर देवानं केलंय. डॉक्टरनं काय केलं?" मग माझ्या कानाशी येऊन, परंतु सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, आई म्हणाली, "लग्नात बघ, दावतात एक आणि बसवतात दुसरी. ही दुसरी पोर हाय."

बायडींचा संताप अनावर झाला. त्यांनी साक्षीसाठी शेजाऱ्यांस हाक मारली. फागी नामक वृद्धेने आपल्या ओठाची डावी बाजू दाखवून सांगितले, की इथं फाटलं होतं. बायडींचे दीर नितीन यांनी उजवी बाजू दाखविली.

"दवाखान्यात मी होतो. तू होतीस का, काकी?"

"पण न्हाऊ मी घालत होते. पोरीचं तोंड माझ्याकडं होतं."

"मग तुझी डावी ती तिची उजवी."

"माझं तोंड मला शिकवू नको."

दोघेही समोरासमोर उभे राहून, मग पाठीला पाठ लावून हात वर करू लागले. प्रत्यक्ष प्रतिक्षेस विचारले असता ती म्हणाली, "मला काय ठाव? मी लहान होते," आणि खेळावयास पळाली.

"पोरीच्या आईला विचारा," मी निर्णयासाठी सुचविले.

बायडी तत्काळ म्हणाल्या, "डावी." मग थांबल्या. डोळे मिटून त्यांनी हवेत एक लहान चेहरा चाचपल्यासारखे केले. "नाय... थांबा. रोज बघते ना तिला. आता ध्यानातच येत नाय बाई."

"बघा," आई विजयाने म्हणाली. "आईलाच आठवत नाय. म्हंजे फाटलंच नव्हतं."

परंतु प्रमिला बायडींच्या मुखाकडे टक लावून पाहत होती. आमच्या घरात आल्यापासून ती सासूच्या शब्दाविरुद्ध कधी बोलली नव्हती.

"आई, नाशिकचा."

"त्याचं काम दिसतंय कुठं?"

"म्हणूनच. मला पण इसरायचं हाय."

आईने आधी तिच्याकडे, मग तिच्या मांडीवरील बाळाकडे पाहिले. जव्हारपर्यंत जीपमध्ये ती गंभीर मुद्रेने बसली होती. अखेर शेजारी बसलेल्या बाईने बाळाकडे बोट दाखवून विचारले, की डॉक्टर कोणता बघितला. तेव्हा आई ताठ बसली.

"नाशिकचा धरलाय. लई हुशार हाय. त्यानं केलेलं काम पंचांना बी सापडत नाय."

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. जखम अद्याप लाल आहे, ती निवळण्यास अवधी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बाळ आता ओठ मिटून झोपते.

येथपर्यंत आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

गोरख लहान्या भोये, मु. साखरशेत, ता. जव्हार