रत्नपुरी कुणाला द्यायची?

"या वर्षी नाटक कसं होतं ते बघाच!" शामराव पडद्यापुढे उभे राहून म्हणाले. "पडदा वेळेवर वर जाईल, भैरवी संपली की खाली येईल, आणि मधे साक्षात इंद्र उतरला तरी आमचा नट एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही!"

टाळ्या पडल्या. शामरावांनी शिट्टी वाजवली. पडदा गुडघ्याएवढा वर गेला आणि तिथंच अडकला.

पहिलं पद राजाच्या नुसत्या पायांनी म्हटलं. वर त्या पायांना वन्समोअर मिळाला! शेवटी पहिल्या मजल्यावरून कुणीतरी वाळवणाच्या काठीनं ढोसून पडदा वर घेतला, आणि दत्ताराम कमरेच्या वरही राजा आहे हे लोकांना कळलं.

मी विंगेत दात-ओठ खात बसलो होतो. पायांना वन्समोअर! आणि इथं गळा असलेला माणूस तिसऱ्या अंकाची वाट बघतोय.

घोडपदेवची आमची चाळ दर मे महिन्यात पटांगणात एक संगीत नाटक करते. रविवारी संध्याकाळीच, कारण सोमवारी अर्ध्या चाळीला पहिली पाळी असते. मी मंडळात इतकी वर्षं आहे, पण काय केलं? प्रॉम्प्टिंग केलं. दुसऱ्यांच्या दाढ्या चिकटवल्या. एकदा झाड झालो. या वर्षी, छप्पन साली, कुठं शामरावांनी मला राजपुत्र केलं. तिसऱ्या अंकात एंट्री आणि एकच पद. पण काय पद! करुण, विलंबित. गिरणीच्या साचेखात्यात लूमच्या खडखडाटात ओरडून ओरडून बसवलेलं.

आणि ते ऐकायला पहिल्या रांगेत, चाळीतल्या एकुलत्या एका हातवाल्या खुर्चीवर, गिरगावचे मनमोहनराव बसले होते. त्यांची स्वतःची संगीत नाटक कंपनी. पेटीवाल्या श्यामकांतानं त्यांना हातापाया पडून आणलं होतं. ते मला म्हणाले, "एक पद ऐकेन. बरं वाटलं तर कंपनीत घेईन. जाहिरात नको, वशिला नको."

म्हणजे बघा. एक पद. लूम सुटायचा की नाही, ते त्या एका पदावर.

नाटक शामरावांनीच लिहिलेलं. गोष्ट अगदी सरळ. राजा वचनात अडकतो आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी आपली राजधानी रत्नपुरी शेजारच्या कपटी कुंभेश्वराला देऊन टाकतो. तिसऱ्या अंकात राजपुत्र, म्हणजे मी, तीर्थयात्रेहून परत येतो, गेलेल्या नगरीसाठी पद म्हणतो, आणि मग लढाई करून ती परत मिळवतो. आता यात वाईट काय आहे? मला तरी तेव्हा काही दिसलं नाही.

पण पहिल्या अंकानंतर शामरावांना आमच्या चाळीचा रिवाज आठवला. मध्यंतरात पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम जाहीर करायचे.

"मंगळवारी हुतूतूचे सामने. गुरुवारी कमळाबाईंकडे सत्यनारायण, प्रसादाला वाटी घरून आणावी. आणि शनिवारी समितीची जंगी सभा! मुंबई आमच्या हक्काची! ती तोडून कुणाच्या घशात घालायला निघालेत, त्यांना जाब विचारायला झाडून सगळ्यांनी यायचं! मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र—"

"झालाच पाहिजे!" अख्खी चाळ गरजली. तीन मजले, पटांगण, जिना, सगळे. पोरांनी डबे बडवले. शामराव इतके खूश झाले की त्यांनी घोषणा चारदा देऊन घेतली.

आणि मग, त्या तापलेल्या तव्यावर, शिट्टी वाजवून दुसरा अंक सुरू केला.

दत्ताराम सिंहासनावर. समोर कुंभेश्वर झालेला बाबुराव, भिवया काळ्याकुट्ट, हात पसरलेला. दत्ताराम उठला. गहिवरून म्हणाला, "हे कुंभेश्वरा, ही माझी प्राणप्रिय रत्नपुरी आज मी तुझ्या हाती—"

"कोणाक देतस रे मेल्या?"

सुंदराबाई उभ्या राहिल्या होत्या. खोली नंबर चारच्या. जानेवारीच्या गोळीबारात त्यांच्या मुलाच्या, धोंडूच्या, मांडीत गोळी शिरली, तो अजून काठी घेऊन चालतो. त्याच काठीवर हात ठेवून बाई उभ्या होत्या.

"माज्या झिलाच्या पायात गोळी घुसली ती कित्याक? तू उठून शहर वाटूक?"

 पटांगण जे पेटलं, ते विचारू नका.

"द्यायची नाय!"

"बाबुराव, हात खाली घे!"

"अरे, माझं काम आहे ते!" बाबुराव कळवळून म्हणाला. त्याच्या मुकुटावर शेंगांची टरफलं पडली.

शामराव धावत रंगमंचावर आले. "मंडळी, शांत व्हा! नगरी दुसऱ्या अंकात जाते, पण तिसऱ्या अंकात परत मिळते! थोडा धीर धरा!"

"परत मिळेल याची ग्यारंटी काय?" तिसऱ्या मजल्यावरून आवाज.

"मी लेखक आहे! मी सांगतो ना!"

"दिल्लीवाले पण हेच सांगतात!"

शामराव विंगेत आले. घामानं निथळत होते. मी त्यांचा सदरा धरला. "शामराव, काय वाटेल ते करा, नगरी जाऊ द्या! नगरी गेल्याशिवाय मी येणार कसा?"

"गप रे गंग्या, तोडगा काढतो." आणि ते पुन्हा बाहेर. "बरं मंडळी, पूर्ण नको. अर्धी देऊ. दोघांनी मिळून राज्य करावं!"

"द्विभाषिक नको!"

"मग असं करू, दोघांनाही नको. पाच वर्षं तिसऱ्याच राजाच्या ताब्यात—"

हे वाक्य त्यांना पुरं करू दिलं नाही. कुणीतरी चप्पल फेकली. मला तर वाटतं, दिल्लीला जेवढं डोकं चालवायला वर्ष लागलं, तेवढं आमच्या शामरावांनी तिथं उभ्या उभ्या चालवलं. आणि मिळालं तेच, जे दिल्लीला मिळालं.

मी दत्तारामाकडे बघून हात जोडले. दे बाबा, देऊन टाक. पण दत्ताराम आधी समितीचा कार्यकर्ता, मग राजा. त्यानं लोकांकडे बघितलं, लाकडी तलवार उपसली आणि गरजला, "कुंभेश्वरा! रत्नपुरी देणार नाही!"

वन्समोअर.

"रत्नपुरी देणार नाही!"

वन्समोअर! किती वेळा म्हणाला कुणास ठाऊक. दर वेळी बाबुराव एक पाऊल मागे. शेवटी तो रंगमंचावरून खाली पडला आणि सरळ घरी गेला. नाटकातला खलपुरुष आपल्या खोलीला आतून कडी लावून बसला. राजा खांद्यावर. लोक उठायला लागले. नाटक संपलं म्हणे!

संपलं? आणि मी? चेहऱ्याला रंग फासून, मखमली अंगरख्यात उकडून निघालेला मी कोण?

मनमोहनरावही पानाची चंची आवरत होते. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी कुणाला विचारलं नाही. सरळ रंगमंचावर गेलो आणि श्यामकांताला ओरडलो, "सूर दे!"

पेटी वाजली. लोक थबकले. मनमोहनराव परत बसले. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

"गेली माझी नगरी..."

"कुठं गेली?" पटांगण खवळलं. "आत्ता तर वाचवली! अभद्र बोलतोस?"

"हा कोण आहे पण?"

"अहो, मी राजपुत्र! तीर्थयात्रेला गेलो होतो!"

"आम्ही इथं मरतोय आणि हा तीर्थयात्रेला!"

सुंदराबाई काठी घेऊन पुढं यायला लागल्या. मी घाईघाईनं शब्द बदलले, चाल तीच. "आहे माझी नगरी..."

टाळ्या. पण सूर रडवेला, माझा आवाज भरून आलेला. खालून एकजण म्हणाला, "आहे तर मग रडतोस कशाला रे?"

खरं होतं त्याचं. पण मी काय करू? पदच रडायचं होतं! मी श्यामकांताकडे बघितलं. त्यानं माझी दया येऊन लय दुप्पट केली. तबलजीनं ठेका बदलला. माझं विलंबित करुण पद, ज्याच्यावर मी अख्खा हिवाळा घातला, ते लेझमीसारखं उसळायला लागलं. लोकांनी ताल धरला. "आहे माझी नगरी!" चाळ म्हणायला लागली. धोंडू एका पायावर नाचत होता. सुंदराबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्या बाईवर रागावायचं तरी कसं, सांगा. बाकी सगळ्यांवर मात्र मी अजून रागावलेलो आहे.

वन्समोअर आला. मग आणखी एक. तान घ्यायची होती, ती मी मिळेल त्या फटीत घेतली.

आणि मनमोहनराव उठून रंगमंचावर आले! माझ्या खांद्यावर हात ठेवला. कानाशी तोंड आणून म्हणाले, "पदाचा सत्यानाश झाला. पण एवढ्या गोंगाटात सूर सोडला नाहीस. मंगळवारी गिरगावात ये. घेतला तुला."

मी वाकून पाया पडलो. लोकांना वाटलं, गिरगावच्या पाहुण्यांनीही पाठिंबा दिला. त्यांना खांद्यावर घ्यायला पन्नास-साठ माणसं एकदम रंगमंचावर चढली. रंगमंच पिंपांवर फळ्या टाकून केलेला होता.

मनमोहनरावांचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्या वर्षी कंपनी बंद राहिली.