पार्वतीबाईंचा मेसेज

"हात झाकून ठेव, सुखदा. देवाचं आणि तुझं काय चाललंय ते जगाला कशाला?"

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी, सुखदाताईंच्या हातात केशरी गोमुखी ठेवली होती आणि एवढंच म्हटलं होतं. त्या कापडी पिशवीत हात घालायचा, आतल्या आत माळ ओढायची आणि किती मणी सरले ते शेजारच्यालाही कळू द्यायचं नाही. अण्णासाहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण आज फरीदाबादच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, भर गर्दीत, तो आवाज ताईंना अगदी कानाशी ऐकू आला. कारण सगळा हॉल आपापला फोन कपाळाला लावून डोळे मिटून बसला होता.

"स्क्रीन पवित्र है!" व्यासपीठावरून स्पर्शानंद महाराज गरजले. "बैटरी प्राण है! और नेटवर्क? नेटवर्क आत्मा है, कभी आता है, कभी जाता है!"

"वाऽऽ!" हॉल डोलला.

महाराज गोरेपान, डोक्याला कानांवरून घट्ट बांधलेला भगवा फेटा. त्यांची दोन आश्चर्यं दिल्लीभर गाजत होती. एक, 'स्पर्शमाला' नावाचं जप मोजणारं फुकट ॲप, ज्यात बोटाने टिचकी मारली की एक जप जमा होई. दुसरं, अंतर्ज्ञान. दारात फोनने चौकोनी कोड स्कॅन करायचा, नंबर मिळायचा आणि नंबर पुकारला की उभं राहायचं. महाराज डोळे मिटून तुमच्या घरातलं सांगत.

"चौदा नंबर!"

भजनी मंडळाच्या प्रमुख वृंदाताई पदर सावरत उठल्या.

"माई," महाराज मधाळ हसले, "पिछली एकादशी को आपके घर मोमो आए थे. चिकनवाले."

वृंदाताई खाली बसल्या. शेजारून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "चिकन? मला तर पनीर सांगितलं होतंस."

हसू उसळलं आणि लगेच भीतीने विरलं. गुरगावच्या मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरची टीम सांभाळणारा राजीव पुढे वाकून कुजबुजला, "ताई, हे लॉजिकच्या पलीकडचं आहे. बिल्कुल!"

मग बावीस नंबर आला आणि सुखदाताईंची शेजारीण वैजयंती उभी राहिली.

महाराजांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. "बेटी की गोलियाँ," ते हळूच म्हणाले. "सुबह एक, रात एक. दुनिया से छुपाया, माँ. हमसे कैसे छुपाओगी?"

वैजयंती रडू लागली. महाराजांनी उपायही दिला. पुढच्या सत्संगाला व्यासपीठावर कलश असेल. ज्याला खरी श्रद्धा आहे त्याने घरातली औषधं त्यात अर्पण करावीत, पौर्णिमेपर्यंत रोग उतरेल. शंका आली तर मात्र रोग दुप्पट होऊन परत येईल.

या गोळ्या कसल्या ते सुखदाताईंना माहीत होतं. वैजयंतीच्या मुलीला, वैभवीला, लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळ्यांमुळे त्या थांबल्या होत्या. गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट्स जोराने उलटतील, जिवावरही बेतेल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी त्या वैजयंतीच्या घरी गेल्या.

"वैजू, गोळ्या बंद करू नकोस गं."

"तू म्हणतेस हे?" वैजयंती चिडली. "रोज जप झाल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी तू? पोरीच्या लग्नात आडवं येईल म्हणून मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त तुला माहीत होतं. तू सांगितलंस का महाराजांना?"

"मी कशाला सांगेन?"

"तेच तर! तुझ्या पोटातून काही बाहेर येत नाही हे सगळ्या सेक्टरला माहीत आहे. मग त्यांना कळलं कसं? अंतर्ज्ञान नाही तर काय?"

सुखदाताई उठून दाराकडे निघाल्या. आपण गुपित राखलं, आणि तोच त्या बाबाच्या चमत्काराचा पुरावा झाला, हे त्यांना फार लागलं.

जिन्यात वैभवीने गाठलं. कॉलेजातली मुलगी, बोलण्यात अर्धी दिल्ली. "मावशी, आई डबा कपाटात लॉक करते आता. मोजून एक गोळी देते. सत्संगाच्या दिवशी पूरा डबा घेऊन जाणार. मला डर लागतो यार. लहानपणी जीभ चावली होती, ते आठवतं मला."

ताईंनी तिचा गार पडलेला हात दोन्ही हातांत घेतला. "सत्संगाच्या रात्रीची गोळी तुला वेळेवर मिळेल. मी आणून देईन."

"प्रॉमिस?"

"मी व्रत मोडलेलं पाहिलंयस कधी?"

सुखदाताईंचं इंटरनेटशी नातं जुनं होतं. मोडेम किंचाळायचा आणि घरात कोणी फोन उचलला की नेट तुटायचं, तेव्हापासूनचं. दिल्लीत नव्याने आल्यावर मराठी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी व्रतवैकल्यांचा एक ऑनलाइन कट्टा सुरू केला होता. उपासाला भेंडी चालते का, यावरून लंडन आणि लातूरमध्ये पेटलेली भांडणं त्यांनी तिथे मऊ शब्दांत मिटवली होती. ईमेलवरून देऊ केलेले परदेशी राजपुत्रांचे खजिने त्यांनी नाकारले होते. 'अकरा जणांना पाठवा नाहीतर अनर्थ' हे निरोपही त्यांनी कधी पुढे ढकलले नाहीत आणि अनर्थ काही झाला नाही. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी माणूस नेटवर जायचा आणि काम झालं की घरी यायचा. आता नेटच माणसाच्या पर्समध्ये येऊन बसलंय, उठायचं नाव घेत नाही. अशा पाहुण्याला घरात कुठवर येऊ द्यायचं ते यजमानाने ठरवायला हवं. त्यासाठी त्यांच्याकडे एकच प्रश्न होता, अण्णासाहेबांचा: कशाला?

त्यांनी ड्रॉवरमधून जुना फोन काढला, घरात पडून असलेलं जास्तीचं सिमकार्ड घातलं आणि मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या लिंकवरून स्पर्शमाला उतरवली. ॲपने नाव विचारलं. त्यांनी लिहिलं, भीमाबाई. मग ॲप एकेक परवानगी मागू लागलं.

फोनबुक बघू? कशाला?

कुठे जाता-येता ते बघू? कशाला?

मेसेज वाचू?

ताईंचं बोट थांबलं. एकशे आठपर्यंत मोजायला माझे मेसेज कशाला लागतात रे तुला?

वैजयंतीच्या फोनवर दर महिन्याला औषधांच्या दुकानाचा मेसेज येतो: अमुक गोळ्या निघाल्या, सकाळी एक, रात्री एक. वृंदाताईंच्या फोनवर मोमोवाल्याचा आला असेल. साऱ्या मंडळाने जप मोजायच्या नादात 'हो, हो, हो' दाबलं होतं. देवासमोर हात झाकणारी माणसं, बाबासमोर अख्खं कपाट उघडून बसली होती.

पण असं नुसतं सांगून कोण ऐकणार? राजीवला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, परमिशन्स सगळीच ॲप्स घेतात. इतकं डाउट केलं तर जगायचं कसं यार?"

ताईंनी मग 'हो' दाबलं. आपला रोजचा फोन घेतला, जुन्या फोनमध्ये त्याच्या नंबराला 'पार्वतीबाई' नाव दिलं आणि जुन्या फोनवर सावकाश, शुद्धलेखन सांभाळत एक मेसेज धाडला. तो वाचून त्यांना एकटीलाच हसू आलं. देवाकडे बघून त्या म्हणाल्या, "खोटं नाहीये हां यातलं काही. फक्त जरा जुनं आहे."

दुसऱ्या सत्संगाला एकादशी होती. हॉल दुप्पट भरला होता. व्यासपीठावर लाल कापड गुंडाळलेला तांब्याचा मोठा कलश होता आणि लोक रांगेने त्यात औषधं सोडत होते. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या, इन्सुलिनची पेनं, दम्याचे पंप. वैजयंतीने वैभवीच्या गोळ्यांचा निळा डबा सोडला आणि सुखदाताईंकडे न बघता जागेवर जाऊन बसली.

ताईंनी जुन्या फोनने कोड स्कॅन केला होता. तीन-चार चमत्कार झाले आणि मग पुकारा आला. "इकतीस नंबर! भीमाबाई!"

ताई उठल्या. वृंदाताई चमकून बघू लागल्या. ही भीमाबाई कधीपासून?

महाराजांनी डोळे मिटले. एक हात फेट्यावर, कानाशी गेला. "भीमाबाई, घर में मृत्यु हुई है. एक पुरुष. स… सदाशिवराव."

"हो," ताई हळू आवाजात म्हणाल्या.

"पानीपत में!"

पुढच्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

"उसकी पत्नी पार्वती मानती नहीं कि वो मर गया. सिंदूर नहीं पोंछती. साथ में एक लड़का भी गया, विश्वासराव, बहुत सुंदर लड़का! दोनों आत्माएँ भटक रही हैं. नेशनल हाईवे पर एक्सीडेंट हुआ ना?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग मागून आवाज आला, "एक्सीडेंट नाही हो महाराज, लढाई!" आणि हसण्याचा असा लोंढा फुटला की खुर्च्या हलल्या. वृंदाताईंच्या यजमानांनी तर मांडीवर थाप मारली.

महाराजांना काही उमजेना. कानात मात्र पुढचा मजकूर येतच होता, आणि सवयीने तो तोंडातून बाहेर पडत होता. "पार्वती को शांति चाहिए… ग्यारह हज़ार जप… ये लोग हँस क्यों रहे हैं?"

"महाराज," ताईंचा आवाज वाढला नव्हता, म्हणून हॉलच शांत झाला. "सदाशिवरावभाऊ पेशवे गेले सतराशे एकसष्ट साली. इथे पाळण्यातल्या पोरालाही ते माहीत असतं. तुमच्या अंतर्ज्ञानाला ते कळलं नाही, कारण मी मेसेजमध्ये साल लिहिलं नव्हतं."

त्यांनी दोन्ही फोन वर धरले. "हा मेसेज मी घरबसल्या, माझ्याच एका फोनवरून दुसऱ्यावर पाठवला. जगात कोणालाही दाखवला नाही. तुमच्या स्पर्शमालेने तो वाचला. दारात कोड स्कॅन केला की कोणता फोन आत आला ते तुमच्या माणसाला कळतं. तो वाचतो, तुमच्या कानात सांगतो. राजीव, जरा तो मागचा पडदा सार, त्याच्याखालून वायर आत गेलीये."

राजीव हसत नव्हता. तो खाली मान घालून स्वतःच्या फोनमधल्या परवानग्या बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. तो ताडकन उठला आणि त्याने व्यासपीठामागचा पडदा ओढला. मागे एक सेवक मांडीवर लॅपटॉप आणि तोंडाशी माइक घेऊन बसला होता. लॅपटॉपवर मंडळाच्या सभासदांची नावं होती आणि प्रत्येकासमोर त्याचे मेसेज.

"नास्तिक औरत!" महाराज किंचाळले. "धर्म का अपमान!"

"आज एकादशी आहे," ताई म्हणाल्या. "सकाळपासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नाही. पहाटेचा जप झाला, पूजा झाली. मला नास्तिक म्हणण्याआधी तुमच्या सेवकाला विचारा, माझा जप किती झाला ते. त्याला सांगता येणार नाही. तो गोमुखीत असतो."

महाराज फेटा सावरत मागच्या दाराकडे निघाले. तिथे मंडळाचे वयस्क सचिव अंबादासराव दाराला पाठ लावून पोलिसांना फोन करत उभे होते. "या, बसा ना महाराज," ते म्हणाले, "नेटवर्क आलंय आत्ताच."

ताई हॉलकडे वळल्या. त्यांना भाषण करायची सवय नव्हती. "देवावर श्रद्धा ठेवा, मीही ठेवते. पण देव तुमचे मेसेज चोरून वाचणार नाही, आणि आजारी लेकराचं औषधही काढून घेणार नाही. फोनवर काही 'हो' म्हणण्याआधी त्याला विचारा, तुला हे कशाला हवं. कोणी घरातलं गुपित सांगितलं तर पाया पडण्याआधी विचारा, याला हे कळलं कुठून. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो देव नसतो. आणि तोवर आपापली औषधं घेऊन घरी जा बघू."

लोक खाली मान घालून कलशाभोवती जमले. "माझी पट्टी गुलाबी होती." "अहो, हा पंप आमचा." राजीवने आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या गुपचूप खिशात टाकल्या आणि म्हणाला, "सॉरी ताई." वैजयंती मात्र जागेवरून हलली नाही. पदराचं टोक तोंडात धरून ती समोर बघत होती.

गर्दी ओसरल्यावर सुखदाताई व्यासपीठावर चढल्या. कलशाच्या तळाशी हात घातला. गोमुखीत घालतात तसाच, न बघता. निळा डबा हाताला लागला.

त्यांनी तो वैजयंतीसमोर धरला. वैजयंतीने हात पुढे केला नाही.

"मी कशी जाऊ गं तिच्यासमोर?" ती म्हणाली. "कोणत्या तोंडाने?"

"तू ये सावकाश. चहा पिऊन ये हवं तर. गोळीची वेळ झालीये."

ताईंनी डबा पर्समध्ये ठेवला आणि जुना फोन बंद केला. दारातल्या चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधून त्यांनी पायात सरकवली, आणि कोणाशी काही न बोलता त्या वैभवीच्या घराकडे चालू लागल्या.