एकतीस तक्रारी

पावसच्या आमच्या बागेचा हापूस पेटीत नीट पिकत होता. त्याची जाहिरात मात्र लोकांच्या स्पॅममध्ये सडत होती. दोन हजार ईमेल पाठवले, ऑर्डरी आल्या चार.

मालक सुजयदादा माझ्यावरच डाफरले. "नम्रता, मेल पाठवतंस की नुसती बसतंस गो?"

"मेल जातात, दादा. लोक 'स्पॅम' दाबतात. बऱ्याच जणांनी दाबलं की मेल कंपनीच्या लेखी आपण लबाड ठरतो, मग बाकीच्यांना जाणारे मेलही कचऱ्यात."

"कोण दाबतोय मेला?"

"आपलेच गाववाले."

शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा मुंबईकर जमतात. दादा तिथेच वही फिरवून सगळ्यांचे ईमेल पत्ते घेत. ज्यांच्या घरी आंबा टोपल्यांनी फुकट जातो, त्यांनाच दर आठवड्याला आंब्याची जाहिरात!

"आपली माणसा ती. काढलीस तर पालखीला तोंड काय दाखवू?"

"मग पेट्या त्यांनाच विका."

दादांनी 'काढ' म्हणून हात हलवला. मी तक्रार करणाऱ्यांची यादी उघडली. एकतीस नावं. एकेक उडवत गेले आणि सतराव्याला हात थांबला.

नितेश. माझा नवरा.

मुंबईला कारखान्यात कामाला गेला, वर्षभर फोन केलेन, मग नंबर बदललान. त्याला तीन वर्षं झाली. गाव काय म्हणतं ते मला ठाऊक आहे, गावाने आपलं बघावं. त्याचा पत्ता वहीत नव्हता, यादीत मीच घातला होता. प्रत्येक मेलखाली 'नम्रता, पावस' असं असतं. मोहोर आला, कैरी धरली, पहिली पेटी भरली, हे दोन हजार लोकांना लिहिलं खरं, पण सांगत होते त्या एकाला.

आणि त्याने स्पॅम दाबलान.

संताप आला. लाज सोडून सांगते, बरंही वाटलं. माझं नाव वाचून त्याचं बोट हललं होतं. माणूस जिवंत होता.

तक्रार करणाऱ्याला परत पाठवायचं नाही, हा नियम. काढलं नाव.

"झाला काय गो?"

"झालं. आता पोचतील."

पुढच्याच आठवड्यात ऑर्डरी धावत आल्या. दादा खूश. माझ्या डोक्यातून मात्र त्या तक्रारीची वेळ जाईना. मंगळवार, सकाळी अकरा दहा. त्याच्या कारखान्यात फोन गेटवर काढून घेतात, सहाला परत देतात, हे त्यानेच तेव्हा सांगितलेलं. मग अकराला याच्या हातात फोन कसा?

शेवटी माझ्या स्वतःच्या मेलवरून लिहिलं, "काम सुटलं काय? बरा आहेस ना?" आंब्याचं अवाक्षर नाही.

पाठवला. पोचला की कचऱ्यात पडला, कळायची काही सोय नाही.